उसनी पहाट

गेल्या वर्षीची नरकचतुर्दशी. साताऱ्याच्या घरी आम्ही सगळे जमलो होतो. पहाटे पाचच्या सुमाराला चुलतभावाचा सात वर्षांचा मुलगा डोळे चोळत बाहेर आला. त्याच्या टाळूवर तेल थापता थापता त्याच्या बाबांनी गोष्ट सुरू केली. "तुझे पणजोबा ना, दिवाळीच्या पहाटे अख्ख्या वाड्याला उठवायचे. हातात कंदील, प्रत्येक दारावर थाप, आणि मोठ्यानं हाका. पणजोबांची हाक आली की समजायचं, दिवाळी आली." मुलगा ऐकण्यात रंगून गेला होता. मीही मान डोलावत होते. गोष्ट माझ्याही परिचयाची होती, मी स्वतः ती दोन-तीनदा लोकांना सांगितली होती.

आत्या पलीकडे वाटीत उटणं कालवत बसली होती. ती ८१ वर्षांची आहे. वाटीतलं बोट न थांबवता ती म्हणाली, "काय सांगतोयस रे त्याला? नाना आणि पहाटे उठणार? त्यांना उठवायला आईला तीन हाका माराव्या लागायच्या, शेवटी मी जाऊन पांघरूण ओढायची. वाडा जागा व्हायचा तो नळानं. चारला कास तलावाचं पाणी सुटायचं. पाण्याच्या आधी नळातून हवा यायची, सूंऽऽ करत. ती शिट्टी ऐकली की बायका उठायच्या. पुरुष उठायचे बंब तापल्यावर."

चुलतभाऊ गप्प झाला. मीही. मग कंदिलाची आणि थापांची ती गोष्ट आमच्याकडे आली कुठून?

फराळाच्या वेळी आम्ही दोघं बसून उलगडा करू लागलो. नानांकडून ऐकली म्हणावं, तर ते गेले तेव्हा चुलतभाऊ पाळण्यात होता. बाबा असं काही बोलल्याचं आठवेना. काका मुळात बोलायचेच कमी. आणि मग बाहेरच्या खोलीत कुणाच्या तरी फोनवर ती ओळखीची हाक वाजली, 'उठा उठा'नं सुरू होणारी, आणि आम्ही दोघांनी एकदमच एकमेकांकडे पाहिलं.

'मोती' साबणाची ती जाहिरात मराठी घरात कुणाला सांगावी लागत नाही. पहाटेच्या अंधारात शेजाऱ्यांची दारं वाजवत फिरणारे एक आजोबा. ती भूमिका विद्याधर करमरकरांनी केली होती. लोक त्यांना 'अलार्म काका' म्हणू लागले, आणि २०२२ च्या सप्टेंबरात वयाच्या ९६ व्या वर्षी ते गेले तेव्हा बातम्यांच्या मथळ्यांतही तेच नाव होतं. आयुष्यभर छोट्या-मोठ्या भूमिका करत आलेला हा नट अर्ध्या मिनिटाच्या जाहिरातीमुळे महाराष्ट्राचा आजोबा झाला. आमच्या घरात तर तो नानांच्या जागी जाऊन बसला, आणि आम्हाला कळलंही नाही.

हा लेख त्या जागाबदलाविषयी आहे. जाहिरातपट घरांमधून आठवण उसनी नेतो. त्यात मला गैर काही वाटत नाही. कथा-कादंबऱ्याही तेच करतात. पण तो ती परत आणून देतो तेव्हा ती जशीच्या तशी राहिलेली नसते, आणि आपण ती तपासून न घेता कपाटात ठेवून देतो.

'मोती'चंच बघा. हा साबण मुळात टाटा ऑइल मिल्सचा, म्हणजे टॉमकोचा. 'हमाम' आणि '५०१' हीदेखील त्याच कंपनीची अपत्यं. १९९३ मध्ये टॉमको हिंदुस्थान लिव्हरकडे गेली आणि तिच्याबरोबर 'मोती'ही. मोठा, गोल, लहान मुलाच्या मुठीत न मावणारा, गुलाब आणि चंदन अशा दोन वासांत खोक्यातून येणारा साबण. वर्षभर लाल किंवा हिरवी साधी वडी वापरणाऱ्या घरात दिवाळीला तो यायचा. आत्या सांगते, तो आला की आजी आधी खोकं काढून घ्यायची आणि साड्यांच्या कप्प्यात तळाशी ठेवायची. संक्रांतीपर्यंत साड्यांना तो वास यायचा. ही आठवण मात्र खरीच आमची आहे, कारण आजीच्या एका इरकलीच्या घडीत ते चपटं झालेलं खोकं मी माझ्या हातानं काढलं आहे.

अभ्यंगस्नान जुनं, साबण त्या मानानं कालचा. तेल लावल्यावर ते उतरवायचं काम उटण्याचं. आंबेहळद, नागरमोथा, कपूरकाचरी, वाळा, गव्हला कचोरा, थोडी मुलतानी माती. उटणं नीट चोळलं की साबणाची गरजच पडत नाही. मग ज्या न्हाणीघरात साबणाला काम नाही तिथं साबण न्यायचा कसा? त्या जाहिरातीनं साबणाचे गुण सांगायचं जवळजवळ टाळलं आणि वेळेवर हक्क सांगितला. पहाटेची वेळ, तेलाचा वास, अंगावरचा काटा, हे सगळं घरातलंच होतं. त्याला फक्त एक नाव जोडलं. आता त्या वेळेचं नाव घेतलं की साबणाचं नाव आपोआप येतं. माझ्या मते मराठीत झालेल्या जाहिरातींतली ही सगळ्यात नेमकी कारागिरी आहे, आणि तिच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. तरीही आमच्या नानांचं जे झालं ते झालंच.

असं फक्त आमच्याच घरी होतं असं नाही. २००२ मध्ये कॅथरिन ब्राउन, रिआनन एलिस आणि एलिझाबेथ लॉफ्टस यांनी अमेरिकेत केलेला एक अभ्यास प्रसिद्ध आहे. त्यांनी लोकांना डिस्नेच्या उद्यानाची एक भावुक जाहिरात दाखवली. लहानपणीची सहल, आणि तिथल्या मिकी माउसशी केलेलं हस्तांदोलन. जाहिरात पाहिल्यावर आपणही लहानपणी तसं हस्तांदोलन केलं होतं अशी लोकांची खात्री वाढली. मग त्यांनी जाहिरातीत मिकीच्या जागी बग्स बनी हा ससा घातला. तरी तेच. बग्स बनी हे वॉर्नर ब्रदर्सचं पात्र. डिस्नेच्या आवारात ते भेटणं शक्यच नाही. जाहिरातीनं खोटी आठवण रुजवली, आणि ज्याच्या मनात रुजवली त्याला ती स्वतःचीच वाटली.

इंग्लंडमध्ये याचा एक सुंदर नमुना आहे. 'होविस' या पावाच्या कंपनीची १९७३ ची जाहिरात. एक पोरगा सायकलीला पावांची टोपली लावून दगडी चढावरून ती ढकलत नेतो, शेवटच्या घरी पाव देतो आणि उतारावरून पाय पसरून सुसाट खाली येतो. दिग्दर्शक रिडली स्कॉट, पुढे 'एलियन' आणि 'ग्लॅडिएटर' करणारे. मागे बँडवर द्वोर्झाकच्या नवव्या सिम्फनीतला संथ भाग. तसा पितळी वाद्यांचा बँड म्हणजे उत्तर इंग्लंडच्या कामगार वस्त्यांची खूण, म्हणून कित्येक प्रेक्षकांनी तो चढ उत्तरेतलाच मानला. प्रत्यक्षात तो दक्षिणेत, डॉर्सेटमधल्या शाफ्ट्सबरी गावचा गोल्ड हिल. आज लोक मुद्दाम तो चढ बघायला जातात. आणि ती धून? ती रचणारा चेक संगीतकार तेव्हा मायदेशापासून दूर, अमेरिकेत होता. एका माणसाच्या परदेशातल्या दिवसांतलं संगीत दुसऱ्या देशातल्या पावाच्या जाहिरातीत गेलं आणि तिसऱ्याच गावाच्या आठवणी जागवू लागलं.

'नॉस्टॅल्जिया' हा शब्द १६८८ मध्ये योहानेस होफर नावाच्या वैद्यकाच्या विद्यार्थ्यानं बाझलमध्ये आपल्या प्रबंधासाठी घडवला. घरापासून दूर राहिलेल्या स्विस माणसांना होणाऱ्या आजाराचं ते नाव होतं. मराठीत आपण त्याला स्मरणरंजन म्हणतो. मला हा शब्द फार प्रामाणिक वाटतो, कारण 'रंजन' त्यात उघडच आहे. पण त्याच्या शेजारी आपल्याकडे 'हुरहूर' हाही शब्द आहे. रंजनात मनाला गुदगुल्या होतात, हुरहुरीत काहीतरी कायमचं गेल्याची जाणीव असते. जाहिरातीला रंजन चालतं. हुरहूर थोडीच चालते, कारण खरी हुरहूर लागलेला माणूस दुकानात जात नाही, गप्प बसतो.

मी काही वर्षं मुंबईत जाहिरातींचा मराठी मजकूर लिहीत होते. मजकूर म्हणायचं, पण कामाचा मोठा भाग म्हणजे हिंदीत तयार होऊन आलेल्या फिल्मला मराठी आवाज देणं. मूळ फिल्मला 'मास्टर' म्हणतात. मास्टर हिंदीत, घर उत्तरेकडचं, स्वयंपाकघर कुठलंच नाही, आणि त्या घरात मराठी बोलायचं. पात्राच्या ओठांशी शब्द जुळले पाहिजेत ही अट. तिथं मी भाषेविषयी जे शिकले ते मला कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं. 'पापा'च्या जागी 'बाबा' बिनबोभाट बसतो, कारण दोन्हीकडे ओठ दोनदा मिटतात. 'बेटा'ला 'बाळा' चालतो. 'दादी'ला 'आजी' निभावून जातं. पण 'माँ'? 'माँ' म्हणताना ओठ आधी मिटतात आणि मग उघडतात. 'आई' म्हणताना ते सुरुवातीपासून उघडेच असतात. पडद्यावरचा मुलगा ओठ मिटतो आणि आवाजातून 'आई' येतं. अर्ध्या सेकंदाची विसंगती. बघणाऱ्याला नेमकं काय खटकलं ते सांगता येत नाही, पण हा मुलगा आपल्यातला नाही एवढं त्याला कळतं.

एकदा एका मोठ्या कंपनीच्या दिवाळीच्या फिल्मला मराठी करायचं होतं. आजी नातवाला भरवते आहे, दोघांचे डोळे भरून आलेत. भरवते आहे गाजराचा हलवा. मी म्हटलं, आपल्याकडे दिवाळीला करंजी, चकली, अनारसे. हे दृश्य मराठी घराला वेगळं घ्यायला हवं. उत्तर आलं की भावना सगळीकडे सारखीच असते, शब्द तेवढे बदला. मी शब्द बदलले. फिल्म दाखवली गेली. माझ्या आईनं ती टीव्हीवर पाहिली आणि विचारलं, "ही आजी कुठली ग?" दुसरं काही तिनं विचारलं नाही. ते वाक्य माझ्या मनात अजून आहे. भावना सारखी असते हे खरंच, पण ती वस्तूंच्या आधारानं उभी असते. करंजीच्या कातण्याचा तो नागमोडी काठ काढून घेतला की आजीही जाते.

त्याच्या उलट घडलेलं एक दृश्यही मी पाहिलं आहे. गोरेगावच्या चित्रनगरीत वाड्याचं न्हाणीघर उभं केलं होतं. आर्ट डिपार्टमेंटच्या पोरांनी भिंतीला चुन्याचे पोपडे आणले होते, कोनाड्यात काजळी धरवली होती, चोरबाजारातून पितळी बंब आणला होता. आजीची भूमिका करणाऱ्या बाई वयानं खऱ्याच आजी होत्या, आयुष्य संगीत नाटकांत गेलेलं. दृश्य साधं होतं. पाटावर बसलेल्या नातवाला तेल लावायचं. दिग्दर्शकानं सांगितलं तसं त्यांनी तळहातावर तेल घेतलं आणि खांद्याला लावायला सुरुवात केली, दोन टेक झाले. तिसऱ्याच्या आधी त्या थांबल्या. म्हणाल्या, "खांद्याला आधी नाही लावत हो. आधी टाळू. आणि टाळूवर तेल घातल्यावर हात असा थोडा वेळ तसाच ठेवायचा. काही बोलायचं नाही." दिग्दर्शक तरुण होता, शहाणा होता. म्हणाला, तसं करा. बाईंनी मुलाच्या टाळूवर तेल घातलं आणि तळहात तसाच ठेवला. तो मुलगा दोन तास सेटवर चुळबुळत होता. त्यानं डोळे मिटले. कॅमेऱ्यामागे कुणी बोललं नाही. फिल्ममध्ये तो हात जेमतेम दोन सेकंद टिकला, पण जी पत्रं आली त्यात लोकांनी लिहिलं होतं ते त्या हाताविषयीच. पॅक शॉटमध्ये, म्हणजे शेवटी वस्तू दाखवतात त्या दृश्यात, साबण होता की तेल होतं हे कुणी लिहिलं नव्हतं.

कुटुंबाची गोष्ट सांगणारी जाहिरात टिकते ती अशा दोन सेकंदांमुळे. आणि ते दोन सेकंद पटकथेत लिहिलेले नसतात.

लांबीचा मुद्दाही इथं येतो. टीव्हीवर वेळ दहा-दहा सेकंदांच्या भावानं विकत घ्यावी लागते. तीस सेकंदांत आठवण मावत नाही, फार तर तिचा इशारा मावतो. इंटरनेटवर फिल्म टाकायला लागल्यापासून तीन-तीन मिनिटांच्या गोष्टी सांगता येऊ लागल्या. भारतात हा बदल ठळक झाला तो २०१३ च्या नोव्हेंबरात, गूगलच्या 'रीयुनियन' या फिल्ममुळे. ओगिल्वी या जाहिरातसंस्थेनं केलेली, अमित शर्मांनी दिग्दर्शित केलेली, साडेतीन मिनिटांची. दिल्लीत एक आजोबा नातीला लाहोरच्या मित्राविषयी सांगतात. दगडी दरवाजाचं उद्यान, तिथले पतंग, मित्राच्या मिठाईच्या दुकानातून चोरून खाल्लेला झाजरिया. १९४७ च्या फाळणीत ताटातूट झालेली. नात त्या तपशिलांवरून शोध घेते, दुकान सापडतं, आणि आजोबांच्या वाढदिवसाला दारात तो मित्र उभा असतो.

ही फिल्म मी किती वेळा पाहिली असेन याची गणती नाही, आणि तिच्यातलं सगळ्यात मोठं काम मला पात्रनिवडीत दिसतं. दिल्लीचे बलदेव झाले होते रंगभूमीवरचे ज्येष्ठ नट विश्वमोहन बडोला. लाहोरचे युसूफ झाले होते एम. एस. सथ्यू, म्हणजे 'गर्म हवा'चे दिग्दर्शक. फाळणीनंतर आग्र्यात राहिलेल्या एका मुस्लीम कुटुंबाची होणारी कोंडी ज्यांनी सत्तरच्या दशकात पडद्यावर आणली, तेच सथ्यू चार दशकांनी त्या दारात उभे होते. ज्याला हे माहीत होतं त्याच्यासाठी त्या चेहऱ्यामागे एक अख्खा चित्रपट होता.

आणखी एक गोष्ट इथं नीट घडली आहे. वस्तू गोष्टीच्या पोटात आहे. शोध घेतल्याशिवाय दुकान सापडत नाही, त्यामुळे जाहिरात आगंतुक वाटत नाही. पण माझी एक तक्रार आहे. फिल्ममध्ये व्हिसाची माहिती शोधली की पुढच्या दृश्यात माणूस येऊन पोचतो. सीमेच्या दोन्ही बाजूंना असे कित्येक म्हातारे या एका कागदाची वाट बघत गेले. ती वाट फिल्मनं अर्ध्या क्षणात ओलांडली. दुःख दुसऱ्याचं घेतलं होतं, तर त्या दुःखातली सगळ्यात कठीण पायरी थोडी तरी दाखवायला हवी होती.

या फिल्ममध्ये कोण नाही हे पाहिलंत का? आजोबा आहेत, नात आहे. पलीकडे आजोबा आहेत, नातू आहे. मधली पिढी जवळजवळ गायब आहे. आता आठवून बघा, कौटुंबिक जाहिरातींत असं किती वेळा होतं. आजी आणि नात, आजोबा आणि नातू, घरातलं जुनं माणूस आणि लहान मूल. मधले आई-बाबा कुठे जातात? ते बाहेर बसलेले असतात, पडद्यासमोर. पस्तीस-चाळीशीचा, पगार घेणारा, गावाकडे फोन करायला विसरलेला, मुलाला आजीजवळ पुरेसं ठेवता आलं नाही म्हणून आतून खंतावलेला. ती रिकामी जागा त्याच्यासाठी राखलेली आहे. वस्तू विकत घेऊन तो त्या जागेत बसतो. हे मला कुणी शिकवलं नाही. माझ्या मुलीसाठी एका दिवाळीला गरज नसताना एक पुडकं घेऊन आले आणि दुकानातून घरी येईपर्यंत डोळ्यांत पाणी का आहे याचा विचार करत राहिले, तेव्हा ते ध्यानात आलं.

सगळ्याच गाजलेल्या जाहिराती आठवणींवर उभ्या होत्या असं मात्र नाही. काहींनी वर्तमान दाखवलं आणि काळानं त्यांची आठवण केली. १९८९ ची 'हमारा बजाज' घ्या. लिंटास या जाहिरातसंस्थेची, अलिक पदमसींच्या काळातली, लुई बँक्स यांचं संगीत. तिच्यात जुनं काही नव्हतं. पारशी गृहस्थ, तरुण जोडपी, पुढे मूल उभं केलेलं कुटुंब, हे सगळं त्या सकाळी रस्त्यावर दिसणारंच होतं. कायनेटिक होंडासारख्या गाड्या आल्या होत्या, जपानी तंत्राचा बोलबाला होता, आणि बजाजच्या आकुर्डीच्या कारखान्यातल्या स्कूटरला सांगायचं होतं की मी घरातली आहे.

आमच्या साताऱ्यात हे फार खरं होतं. महाराष्ट्र स्कूटर्सचा कारखाना गावाला लागून. बजाजच्याच भागीदारीतली 'प्रिया' तिथं तयार व्हायची. शेजारचे काका तिथं कामाला होते. बाबांची प्रिया निळी होती. सकाळी ती सुरू होत नसे तेव्हा बाबा ती एका अंगावर तिरकी करत, क्षणभर तशीच धरत, मग सरळ करून किक मारत. मी पुढे उभी, हँडलच्या मधल्या पत्र्यावर हात, आई मागे एका बाजूला बसलेली, तिच्या मांडीवर धाकटा. त्या काळात स्कूटरचा नंबर लागायला कित्येक वर्षं लागत, त्यामुळे आलेली स्कूटर घरात सून यावी तशी ओवाळून घेतली जाई. जाहिरातीनं हे शोधून काढलं नव्हतं. ते आधीच होतं, जाहिरातीनं फक्त 'आमचं' म्हटलं.

म्हणून २०१९ च्या ऑक्टोबरात बजाजच्या जुन्या स्कूटरचं 'चेतक' हे नाव विजेवरच्या स्कूटरला देऊन परत आणलं गेलं तेव्हा मला ते उसनं वाटलं नाही. ज्या कंपनीनं खरोखर आपल्या घरासमोर वर्षानुवर्षं ऊन-पाऊस खाल्ला, तिनं जुनी ओळख सांगितली तर तो तिचा हक्क आहे. जी वस्तू कालपरवा आली आणि पहिल्याच फिल्ममध्ये 'आजीच्या काळापासून' असा सूर लावते, तिच्यापाशी मात्र मी थांबते. तिची आजी कोण?

आठवण ही जाहिरातदारांची सुरक्षित जागाही झाली आहे. आजच्या कुटुंबाबद्दल बोलायला गेलं की वाद होतात. तनिष्कनं २०१३ मध्ये लहान मुलगी असलेल्या स्त्रीच्या पुनर्विवाहाची फिल्म केली, गौरी शिंदेंनी दिग्दर्शित केलेली. तिचं कौतुक झालं. त्याच तनिष्कला २०२० मध्ये दोन धर्मांच्या घरातल्या डोहाळजेवणाची फिल्म गदारोळानंतर मागे घ्यावी लागली. दोन्हीकडे दागिने होते, दोन्हीकडे घर होतं, दोन्हीकडे माया होती. अशा अनुभवानंतर कोण धोका पत्करील? मग वाडा बरा, कंदील बरा, आजी बरी. जुन्या काळाशी कुणी भांडत नाही. तरी कॅडबरीनं २०२१ मध्ये काय केलं ते आठवा. १९९४ मध्ये त्यांच्या फिल्ममध्ये मुलानं षटकार मारल्यावर एक मुलगी रखवालदाराला चुकवून मैदानात नाचत आली होती. चॉकलेट फक्त लहान मुलांनी खायचं हा समज तिनं मोडला होता. २०२१ मध्ये तीच फिल्म पुन्हा केली, तेच गाणं, पण फलंदाज मुलगी आणि नाचत येणारा मुलगा. आठवण तशीच ठेवून तिच्यातली माणसं बदलली, आणि मधल्या २७ वर्षांत काय बदललं ते न बोलता सांगितलं. स्मरणरंजनाचा याहून चांगला उपयोग मला ठाऊक नाही. ओगिल्वीचे पीयूष पांडे या दोन्ही फिल्मच्या पाठीशी होते. २०२५ ची दिवाळी संपता संपता, २४ ऑक्टोबरला ते गेले. त्या दिवशी लोक एकमेकांना त्यांच्या जाहिराती पाठवत होते, घरचे जुने फोटो पाठवावेत तशा.

आणि चाळ. जाहिरातीतल्या मराठी आठवणीला चाळीची गॅलरी लागतेच. आकाशकंदिलांची रांग, कठड्यावर वाळत घातलेल्या साड्या, एका दारातून दुसऱ्या दारात जाणारी फराळाची ताटं. हे सगळं होतं. पण १६० चौरस फुटांची खोली, तिच्यात आठ माणसं, मजल्याच्या टोकाला सामाईक संडास आणि पहाटेची रांग, हेही होतं. २०२५ च्या ऑगस्टमध्ये वरळीच्या बीडीडी चाळींतल्या ५५६ कुटुंबांना नव्या इमारतीतल्या ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. ज्या बायकांनी जन्मभर त्या रांगेत उभं राहून काढलं, त्यांच्या दृष्टीनं स्वतःच्या घरातला संडास ही दिवाळीपेक्षा मोठी गोष्ट होती. चाळ पडत चालली तशी जाहिरातीतली चाळ अधिकाधिक सुंदर होत गेली. मला त्या सौंदर्याचा राग नाही. राग एवढाच की त्यात बाईचे पाय दुखत नाहीत.

आत्याला मी नंतर निवांतपणे बसवून विचारलं. फोन मांडीवर ठेवून ध्वनिमुद्रण केलं. दोन तास ती बोलत होती. चार वाजता नळाला पाणी, पण आजी मात्र शिट्टीच्या आधी, तीनलाच उठायची, कारण पहिली घागर जिची तिला पाणी पूर्ण मिळायचं. थंडीत घागरीचं पितळ हाताला चिकटायचं. मुलींनी आधी पाणी भरायचं, मग अंघोळीला बसायचं. मुलगे थेट पाटावर. "कारीट फोडायला मात्र आम्हाला पुढे करायचे," आत्या म्हणाली, "आणि मी ते इतक्या जोरात फोडायची की बिया उडायच्या." आजीची अंघोळ कधी व्हायची, मी विचारलं. आत्या विचारात पडली. बराच वेळ. मग म्हणाली, "आईला अभ्यंगस्नान करताना मी पाहिलेलंच नाही. तिला तेल कोण लावणार? आम्ही फराळाला बसायचो तेव्हा तिचे केस ओले असायचे, एवढं आठवतं."

हे कुठल्या फिल्ममध्ये येईल? यावं, असं मला फार वाटतं. तीस सेकंदही पुरतील. ओल्या केसांची एक बाई, मागे सगळ्यांचा फराळाचा गलबला, आणि कुणीतरी मागून येऊन तिच्या टाळूवर हात ठेवतो. शेवटी कुठल्याही साबणाचं, तेलाचं नाव यावं, मी ते विकत घेईन.

ध्वनिमुद्रण मी चुलतभावाला पाठवलं. त्यानं मुलाला ऐकवलं. मुलानं विचारलं म्हणे, नळ शिट्टी कशी वाजवतो. या दिवाळीला तो आत्याकडे तोंडानं सूंऽऽ करून दाखवायला शिकला, आणि धनत्रयोदशीपासून घरभर तेच करत हिंडत होता.

नरकचतुर्दशीला मी साडेतीनचा गजर लावला होता. गजराच्या आधीच जाग आली. न्हाणीघरात दिवा होता. आत्याच्या घराला आता टाकी आहे, चोवीस तास पाणी असतं. तरी ती एका हातानं भिंत धरून उभी होती, आणि नळाखाली बादली भरत होती. मी तेलाची वाटी घेतली आणि पाट मांडला. तिला म्हटलं, "बस आधी तू."